तांते हर्मिनांचं शुद्ध डच

आमच्या लिफ्टमध्ये कोरोनाची पहिली नोटीस लागली, तेव्हा आम्ही सगळे घाबरून ती वाचत होतो. तांते हर्मिना ती तपासत होत्या. पर्समधून लाल पेन काढून त्यांनी दोन क्रियापदं दुरुस्त केली, एक स्वल्पविराम खोडला आणि खाली लिहिलं, "पुन्हा लिहा." मग इमारतीच्या ऑफिसात फोन केला. "लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस, हे आम्हाला समजलं. पण 'वोर्ड्ट'च्या शेवटी टी लागतो, हे तुम्हाला कधी समजणार?" दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लागली. तीत एकच चूक होती. त्याखाली त्यांनी लिहिलं, "प्रगती आहे."

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये त्यांचा फ्लॅट आमच्या फ्लॅटला लागून आहे. तांते म्हणजे मावशी. सगळी इमारत त्यांना तसंच म्हणते. एकोणिसाव्या वर्षी त्या दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून, सुरिनाममधून, इथे आल्या. आता सत्तरी ओलांडली आहे, तरी बांधा उंच, ताठ, आणि काळ्याभोर मानेवर इस्त्रीची पांढरी कॉलर. कचरा टाकायला जातानासुद्धा कानात मोती. त्यांचा आवडता शब्द 'नेट्येस', म्हणजे नीटनेटकं, रीतसर. मास्क लावायचा तो नेट्येस, शिंकायचं तेही नेट्येस.

डच 'ग' घशातून खरवडून काढतात, त्यामुळे माझ्या ऑफिसात गजभियेचं कायमचं खजभिये झालंय. तांते हर्मिनांनी पहिल्या भेटीत माझ्याकडून नाव तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्या दिवशी दारावरची बेल वाजली. "गजभिये," त्या म्हणाल्या. "बरोबर?" मी मान डोलावली. "नेट्येस," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या एवढ्यासाठीच आल्या होत्या.

लॉकडाऊनमध्ये मी घरूनच काम करायचे. दुपारी चारला त्या आपल्या बाल्कनीत, मी माझ्या बाल्कनीत, मध्ये जाळी, आणि हातात कॉफी असा आमचा नेम झाला. तिथेच त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. आल्या तेव्हा त्या हॉस्पिटलात फरशा पुसायच्या. संध्याकाळी क्लास करून नर्स झाल्या. पुढे ज्या वॉर्डाच्या फरशा पुसल्या, त्याच वॉर्डाच्या मुख्य नर्स झाल्या. हाताखाली चाळीस माणसं!

"पेशंट विचारायचे, सिस्टर, तुम्ही इतकं छान डच कुठे शिकलात?"

"मग?"

"मी म्हणायचे, धन्यवाद. तुम्हीही बरंच चांगलं बोलता. तुम्ही कुठे शिकलात?"

त्यांची शाळा सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोत, पण पूर्ण डचमध्ये झालेली. घरची भाषा स्रानान. ती वर्गात तोंडातून निसटली तर बाई नळावर पाठवायच्या: जा, तोंड धुऊन ये. "मी खूप वेळा तोंड धुतलंय," त्या हसत म्हणाल्या. "म्हणून एवढं स्वच्छ बोलते."

मला हसू आलं नाही. माझे बाबा नागपूरला शिक्षक होते. वस्तीतून निघून शिक्षक झालेले. जेवताना मी 'काहून' म्हटलं की ते ताटावर चमचा वाजवायचे. "का म्हण. का." पुढे पुण्याच्या होस्टेलवर माझं आडनाव ऐकून एक मुलगी म्हणाली होती, "गजभिये? पण तुझं मराठी तर किती शुद्ध आहे!" हे मी तांतेंना सांगितलं.

"तू काय म्हणालीस?"

"थँक यू म्हणाले."

त्यांनी जाळीपलीकडून माझ्याकडे नापास झालेल्या मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. "इथून पुढे नाही म्हणायचं."

त्यांची मुलगी इन्ग्रिड नोटरी आहे; इथे हे कायद्यातलं मोठ्या मानाचं पद. शहराच्या मध्यभागी, कालव्याच्या कडेला तिचं ऑफिस, दाराशी पितळी पाटी. त्या पाटीचा फोटो तांतेंच्या फोनमध्ये आहे आणि तो मी किमान दहा वेळा पाहिलाय. "फोनवर तिचं डच ऐकून कुणी विचारत नाही, तू मूळची कुठली म्हणून," त्या अभिमानानं सांगायच्या. जरा थांबून म्हणायच्या, "समोर गेल्यावर विचारतात. तेव्हा ती पाटी दाखवते."

त्या हिवाळ्यात पारामारिबोत त्यांची धाकटी बहीण लुसी वारली. तिकडे जायला विमान नव्हतं. अंत्यविधी लॅपटॉपवर पाहायचा होता आणि लॅपटॉपशी तांतेंचं जमत नसे. म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले. तिकडे सकाळ होती, आमच्याकडे दुपार. पडद्याच्या एका चौकटीत पांढऱ्या कपड्यातल्या बायका आणि फुलांनी झाकलेली पेटी, दुसरीत आपल्या ऑफिसात बसलेली इन्ग्रिड.

तांतेंनी भाषण टाइप करून आणलं होतं, दोन पानं, निर्दोष डच. पहिलं वाक्य वाचलं. "माझी भगिनी लुसी एक कर्तव्यदक्ष व्यक्ती होती." तिथे त्या थांबल्या. मला वाटलं, आवाज गेला. मी म्यूटचं बटण पाहायला वाकले, तर त्यांनी ती पानं उपडी ठेवली आणि वेगळ्याच भाषेत बोलायला लागल्या.

शेजारी राहून तीन वर्षं झाली होती, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, लयीतला, मध्येच खळाळून हसणारा. ताठ खांदे सुटले, हात बोलायला लागले. तिकडच्या बायका हुंकार देत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता, तरी बाजारात कुणाशी तरी कडाकडा भांडणारी एक ठसकेबाज लुसी मला दिसली. शेवटी त्या म्हणाल्या, "वाका बुन, मि सिसा."

 मग इन्ग्रिडचा आवाज आला, डचमध्ये. "आई, तू काय म्हणालीस? मला काहीच कळलं नाही."

तांतेंनी पडद्याकडे पाहिलं. लेकीच्या मागे कायद्याची जाडजूड पुस्तकं होती. "नीट जा... माझ्या बहिणी," त्या डचमध्ये अडखळत म्हणाल्या. "असं म्हणाले."

लॅपटॉप मिटल्यावर त्यांनी उपडी ठेवलेली पानं कडेला कड लावून जुळवली. "मुलीला कुणी हसू नये, म्हणून तिच्याशी ती भाषा कधी बोललेच नाही," त्या म्हणाल्या. "मी चुकले असं मला वाटत नाही. ती कुठे पोचली, बघ ना! पण त्या भाषेत मला हाक मारणारी लुसी शेवटची होती."

अंतर पाळायचं होतं. मी त्यांचा हातही धरू शकले नाही.

पुढच्या रविवारी मी खाली निघाले होते, तर इन्ग्रिड त्यांच्या दारात उभी. मास्क लावून, दीड मीटर मागे, तळहातावर काहीतरी लिहिलेलं. नोटरीबाई शाळकरी मुलीसारखी त्या तळहाताकडे पाहत म्हणाली, "फा वाका, मामा?"

तांते हर्मिनांनी दाराची कड धरली. इन्ग्रिडनं घाबरून पुन्हा तळहात पाहिला.

"मि दे," त्या शेवटी म्हणाल्या. "मि दे, मि पिकिन."

अर्थ मी नंतर विचारून घेतला. कशी आहेस, असं मुलीनं विचारलं होतं. आईचं उत्तर होतं: मी आहे. मी आहे, माझ्या बाळा.