न गळणाऱ्या तोटीची तीन दरपत्रकं

शासनाला नवीन गोष्टी मनापासून आवडतात. फक्त त्या आधी कोणीतरी वापरलेल्या असाव्यात, एवढीच शासनाची अपेक्षा असते.

ही अपेक्षा किती रास्त आहे ते भिलाईच्या सिविक सेंटरमागच्या एका सरकारी खरेदी कार्यालयात रोज सिद्ध होत असे. (कार्यालयाचं नाव छापायची परवानगी मागितली आहे. फाइल चालू आहे.) १९८३ च्या उन्हाळ्यात तिथे भोपाळहून परिपत्रक आलं: 'स्थानिक कल्पकता प्रोत्साहन व पुरवठादार सबलीकरण खरेदी योजना'. नाव मोठ्यानं वाचताना खरेदी अधिकारी जानरावांना मधे एकदा पाणी प्यावं लागलं, पण मजकूर वाचून त्यांचा ऊर भरून आला. सरकारला वस्तू लागतातच, तर त्या अशा घ्याव्यात की लहान कारखानदार उभा राहील आणि त्याच्या डोक्यातली कल्पना बाहेर येईल, असं त्यात होतं. जानराव सज्जन माणूस. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाचा फुकटचा चहा घेतला नव्हता, आणि चौथ्या सहीवाचून टाचणीही घेतली नव्हती.

सुरुवात तोटीपासून झाली. कार्यालयाच्या ताब्यातल्या क्वार्टरांमध्ये नळ गळत. रीतसर पाहणी केली तेव्हा शंभरातल्या एकाहत्तर तोट्या गळत होत्या, एकोणीस गळत नव्हत्या (तिथवर पाणीच पोचत नव्हतं), आणि उरलेल्या दहा का गळत नाहीत याची चौकशी लावण्यात आली.

तेवढ्यात रुआबांध्याहून पुंडलिक आला. मूळचा भंडाऱ्याकडचा. कारखान्यातली पक्की नोकरी सोडून त्यानं टिनाच्या शेडमध्ये एक लेथ मांडला होता. त्या दिवसापासून सासरा आणि साळा त्याच्याशी बोलत नव्हते. वर्षभरात सरकारी ऑर्डर आली तर शेड राहील, नाहीतर मोडायची, असं त्यानं बायकोला कबूल केलं होतं. त्यानं खिशातून तोटी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, वायसर कावून झिजते? तोटी फिरवली का थे बी फिरते न घासते. मी मधात पितळेची चकती टाकली. आता वायसर फिरतच नाई, गुमान बसते. गळायचं कामच नाई!"

जानरावांनी परीक्षेसाठी ती आपल्याच मोरीत बसवली. दोन महिन्यांत थेंब म्हणून गळला नाही. त्यांच्या पत्नी कलावतीबाईंनी नळाखालची बादली उचलली आणि तिच्यात तुळस लावली.

"पुंडलिक, तोटी उत्तम आहे," जानराव म्हणाले. "आता हीच तोटी बनवणारे आणखी दोघं आण. तीन दरपत्रकं लागतात."

"साहेब, दुसरं कोणी बनवतच नाई. म्हणून तर नवीन हाये न!"

"नवीन आहे म्हणूनच योजनेत बसते. पण एकट्याकडून घेतली तर मक्तेदारी होते."

गावात यावर एक शिरस्ता होता. तिन्ही दरपत्रकं एकच माणूस आणी: एक स्वतःचं, एक साळ्याच्या लेटरहेडवर, एक डाव्या हातानं लिहिलेलं. पण पुंडलिकाचा साळा बोलत नव्हता, आणि स्वभावानंही पुंडलिक पडला सरळ. अहो, त्यानं खरंच दोघांना शिकवलं! अहिवाऱ्याच्या केवलरामला आणि सुपेल्याच्या देवरावला शेडमध्ये बसवून, नकाशे काढून देऊन, वरून जेवू घालून त्यानं दोन प्रतिस्पर्धी तयार केले. कार्यालयानं नोंद केली: पुरवठादार एकाचे तीन झाले, सबलीकरण दोनशे टक्के.

पाकिटं उघडली. सर्वांत कमी दर केवलरामचा.

"चकती काढली का सस्ती पडते," केवलरामनं मोकळेपणानं सांगितलं. लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. मंजूर तपशिलात तोटीची लांबी होती, वजन होतं, चकाकी होती. 'गळू नये' असं कुठेच नव्हतं, कारण न गळण्याची मान्यताप्राप्त चाचणी नव्हती. जुन्या चाचणीत थेंब मोजून रकाना भरायचा असे, आणि तिथे शून्य लिहिलं की ऑडिटवाले तपासणी झालीच नाही असं धरत.

जानरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. केवलरामच्या ऑर्डरवर सही करण्याआधी त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

"आपल्या घरी वापरून राहिले न तुमी थे तोटी?" कलावतीबाईंनी विचारलं. "मग लोकाइले कावून नाई?"

"घराला ऑडिट नसतं," जानराव म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

चार हजार 'नवकल्पना तोट्या' बसल्या आणि तीन महिन्यांत जुन्यांइतक्याच इमानदारीनं गळू लागल्या. पण योजनेत मूळ कल्पकाला वाऱ्यावर सोडायची सोय नव्हती. दुरुस्तीचं कायमचं काम पुंडलिकाला मिळालं.

"साहेब, एकडाव चकती टाकून देतो. पुन्हा पाहाची गरजच नाई."

"चकती मंजूर नाही, वायसर मंजूर आहे. दर तीन महिन्यांनी बदलत जा."

शेड वाचली. लेथवर पोतं पडलं. जावई सरकारी कामाला लागला म्हणून सासरा पेढे घेऊन आला आणि साळा बोलू लागला. वार्षिक अहवालात योजना सफल ठरली. पुढल्या वर्षी जानरावांनी आणखी एखादी कल्पना मागितली, तेव्हा पुंडलिक हात जोडून म्हणाला, "नाई साहेब. आता मी सुधरलो."

वाचकहो, हसू येत असेल तर येऊ द्या. हसून झालं की आपल्या मोरीकडे कान द्या. ती टपटपणारी तोटी आणायला तुम्ही तीन दुकानं फिरला होतात. पहिल्याच दुकानदारानं एक जरा महाग तोटी काढून सांगितलं होतं, ही नवीन आहे, ही गळणार नाही. आठवा, तुम्ही त्याला काय विचारलंत?

"आधी कोणी नेली आहे का?"