पेचकस विचाराधीन आहे

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये राहणाऱ्या वैरागडे कुटुंबाच्या गॅरेजला लाकडी दार होतं, दाराला आतून कडी होती, आणि कडीच्या पट्टीचा एक स्क्रू ढिला झाला होता. प्रकरण एवढंच होतं. साध्या घरात असलं प्रकरण सुरीच्या टोकाने मिटतं. पण वैरागड्यांचं घर साधं नव्हतं. त्या घरात अच्युतराव होते.

अच्युतरावांचं सगळं आयुष्य राज्य सरकारच्या एका खात्यात, भांडार-खरेदी शाखेत गेलं. तुलना केल्याशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा घेतली नाही. तुलना नीट लांबवली की बहुतेक वेळा टाचणीची गरजच संपते, हा त्यांच्या सेवेचा अनुभव. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल पांघरवली तेव्हाही हात जोडण्याआधी त्यांनी काठ उलटून पाहिला होता.

स्क्रू ढिला झाल्याचं पहिल्यांदा वंदनाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. ती सुरी घेऊन निघाली, तर अच्युतरावांनी तिला दारातच अडवलं.

"सुरी हे स्क्रूचं औजार नव्हे. आज सुरीने स्क्रू पिळशील, उद्या पेचकसाने कांदा चिरशील. आपण रीतसर जाऊ."

रीतसर म्हणजे असं. स्क्रूला पेचकस हवा. सुटा पेचकस घेण्यापेक्षा औजारांचा अख्खा संच घेतलेला बरा. संच स्वस्त घ्यावा की महागडा, हा धोरणाचा प्रश्न. धोरण ठरवायला तुलना हवी, आणि तुलनेला दोन्ही हवेत. म्हणून दोन्ही आले. स्वस्त संच जुमेरातीच्या बाजारातून आला, खडखडणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, तेलाच्या वासासकट. महागडा घरपोच आला, काळ्या पेटीत, आत मखमल. पेटी उघडली तेव्हा वंदनाला वाटलं, आत एखादा राणीहार असणार. होती पक्कड.

"मग हे स्वस्तात पडलं का महागात?" तिने विचारलं.

"तेच तर तुलनेतून कळेल."

दोन्ही संच गॅरेजमधल्या फळीवर शेजारी शेजारी विराजमान झाले. त्यांना हात लावायचा नाही, कारण वापरलेलं औजार जुनं धरलं जातं आणि जुन्याची नव्याशी तुलना नियमात बसत नाही. त्यांच्यावर धूळ बसता कामा नये, म्हणून गॅरेजचं दार सदैव बंद, आणि आत कुणी असेल तेव्हा आतून कडी. अशा रीतीने जी कडी दुरुस्त करायला औजारं आणली, ती ढिली कडी औजारांच्या रक्षणासाठी दिवसातून कितीदा तरी सरकवली जाऊ लागली.

वंदनाला या सगळ्यात रस नव्हता. तिला रस होता गाडीत.

तिची थोरली बहीण शकुंतला तिकडे पिपलानीला राहायची. खुब्याच्या ऑपरेशननंतर शकुताई घरातच अडकली होती. रिक्षात तिला चढता येईना, मुलाला सवड होईना. अच्युतराव गाडी काढत, नाही असं नाही, पण आधी दोन रस्त्यांची तुलना करत, आणि ती संपेपर्यंत शकुताईची झोपायची वेळ होई. "एकदा मोठा तलाव दाखव गं मला," शकुताई फोनवर म्हणायची. "भोपाळात राहून मी तो टीव्हीवर बघते." शेवटी वंदनाने फोनवरचे व्हिडिओ बघून बघून गाडी शिकायला घेतली. सकाळी मैदानावर ती स्टिअरिंग धरायची, आणि शेजारी बसून अच्युतराव "गिअर, गिअर" असा जप करायचे. कच्च्या लायसन्सची मुदत संपत आली होती, आणि पक्क्याची परीक्षा एका सकाळी अकराला ठरली होती. चुकली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या सकाळी ती गाडी पुसायला गॅरेजमध्ये गेली. नियमाप्रमाणे दार लावलं, कडी सरकवली. ढिला स्क्रू टपकन खाली पडला, पट्टी एका बाजूने लोंबली आणि कडी तिरकी होऊन भोकात रुतली. हलेना.

"अहो! कडी अडकली! दार उघडत नाही!"

बाहेर चपला वाजल्या. मग दाराच्या वरच्या जाळीतून अच्युतरावांचा आवाज आला. त्यात काळजी असेल म्हणून वंदनाने कान दिला, तर आनंद होता.

"म्हणजे प्रत्यक्ष वापराची वेळ आली म्हण की!"

"फळीवरचा एक पेचकस घेते, उरलेला स्क्रू काढते. पट्टी निघाली की दार उघडेल."

"एक म्हणजे कोणता?"

"हाताला येईल तो."

"हाताला येईल तो!" अच्युतरावांचा स्वर दुखावला. "अगं, स्क्रू उरलाय एकच. तो तू एका पेचकसाने काढलास की दुसऱ्याला संधी कुठे राहिली? पक्षपात झाला हा. थांब. कशालाही हात लावू नकोस. मी माणसं बोलावतो."

वंदनाला वाटलं, सुताराला बोलावतील. त्यांनी समितीला बोलावलं.

पहिले आले शेजारचे जितेंद्र दुबे. गोविंदपुऱ्यात त्यांचं लोखंडी जाळ्या बनवायचं छोटं युनिट होतं, आणि वैरागड्यांच्या शेजारात राहून राहून त्यांना मराठी येऊ लागली होती.

"भाभीजी, टेन्शन नाय घ्यायचं! तो स्वस्तवाला उचला आणि घुमवा. आपल्या युनिटमध्ये सगळं काम त्याच्यावरच चालते. टूटला की फेकला, नवा घेतला."

"तुटतो?" आतून वंदना.

"रोज टूटतो, भाभीजी. म्हणून तर स्वस्त घेतो!"

दुसरे आले मनोहरसाहेब, अच्युतरावांचे जुने वरिष्ठ. ते चार इमली या साहेबलोकांच्या वस्तीतून आले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण सरकारी बंगला सोडण्याबाबतची त्यांची कार्यवाही अजून प्रक्रियेत होती. त्यांनी ड्रायव्हरकडून आपली लांबलचक गाडी बरोबर गॅरेजच्या तोंडाशी लावून घेतली आणि उतरता उतरता निकाल दिला.

"महागडा. यात विचार कसला करायचा, अच्युत? माझ्याकडे अगदी हाच संच आहे. इतकी वर्षं झाली, आजही कोरा करकरीत."

"वापरता तुम्ही?" आतून वंदना.

"वहिनी, असली वस्तू वापरायची नसते. बाळगायची असते."

"वापरायचा नाही आणि उघडायचं काय मग, जादूने?" जितेंद्र म्हणाले. "साहेब, मी एक फोन करतो. युनिटमधून माणूस येईल, कटरने दार कापून देईल."

"कटर हे तिसरं औजार झालं," अच्युतराव ठामपणे म्हणाले. "ते या तुलनेत बसत नाही."

"अहो, अकराची वेळ आहे माझी!"

"त्याचीच दखल घेऊन तर आम्ही तातडीने बसलोय."

बसले ते खरोखरच. अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. पहिला मुद्दा मनोहरसाहेबांनी काढला: महागड्या संचाला आजन्म हमी आहे, आणि अनधिकृत व्यक्तीने वेष्टन फोडलं तर ती रद्द होते. यावर जितेंद्रांनी विचारलं की आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, पेचकसाचा की धरणाऱ्याचा? प्रश्न बिनतोड होता. त्यावर खूप बोलणं झालं.

"माझा इथेच चाललाय!" जाळीतून आवाज आला.

"हे नोंद घेण्यासारखं आहे," मनोहरसाहेब म्हणाले.

मग अच्युतरावांनी तोडगा मांडला, आणि भांडार शाखेत त्यांना लोक का घाबरत होते ते तेव्हा कळलं. स्क्रू आधी स्वस्त पेचकसाने अर्धा काढायचा. मग तो परत पूर्ण पिळायचा. मग महागड्याने तेवढाच अर्धा काढायचा. मग तोही परत पिळायचा. दोघांना समान संधी, समान स्क्रू, समान हात.

"आणि दार?" वंदनाने विचारलं.

"दार हा या चाचणीचा विषय नाही."

"पण समान हात म्हणता, तो भाभीजींचा," जितेंद्रांना शंका आली. "लेडीज हातावर रिझल्ट कसा पकडायचा? आपल्या युनिटमध्ये मर्द लोक असतात."

"हो, हात प्रमाणित हवा," मनोहरसाहेबांनी मान डोलावली. "प्रमाणित हात आत पाठवता येईल का?"

"दार बंद आहे, साहेब."

"मग दार उघडल्यावर पाठवू."

हे सगळ्यांना पटलं. एवढ्यात जितेंद्रांच्या घरून पोहे-जलेबी आली, तेव्हा समितीने चहापानासाठी विश्रांती घेतली. पोह्यांची बशी दाराखालून जाईना, म्हणून अच्युतरावांनी कागदावर ठेवून एक जलेबी आत सरकवली. त्यांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. जलेबी धुळीसकट आत पोचली.

वंदना गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हरच्या जागी. जलेबी तिने डॅशबोर्डवर ठेवली. तिला हसू येत होतं. लग्न होऊन नागपुराहून ती या गावात आली तेव्हा घराला पडदे घ्यायचे होते. अच्युतरावांनी दोन रंगांचे नमुने आणले, खिडकीला शेजारी शेजारी लावले, आणि त्या दोन तुकड्यांतून तिने कितीतरी उन्हाळे बाहेर बघितलं. माणूस वाईट नव्हता. ताप आला की रात्रभर उशाशी बसायचा. मात्र गोळी कोणत्या कंपनीची द्यावी याचा विचार करत. आणि तिकडे शकुताई आज मुद्दाम लुगडं बदलून, वेणी घालून बसली असेल. "पास झालीस की सरळ इकडेच ये," म्हणाली होती.

वंदना उठली. फळीपाशी गेली, एक पेचकस उचलला, दातांनी वेष्टन फाडलं आणि उरलेला स्क्रू पिळायला सुरुवात केली. स्क्रू किरकिरला, अडला, मग निमूट फिरला. पट्टी खणकन खाली पडली. मग तिने दुसऱ्याही पेचकसाचं वेष्टन फाडलं, दोघांना पदराने लख्ख पुसलं आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवलं. दार उघडलं. अंगणात ऊन होतं आणि समिती पोहे खात होती.

तिला बघून तिघे ताडकन उभे राहिले.

"कोणत्याने?" तिघांनी एकदम विचारलं.

"अहो, उशीर होतोय."

"स्वस्तवाला ना, भाभीजी? सांगून टाका!"

"वहिनी, खऱ्या वस्तूचा स्पर्श वेगळाच, नाही का?"

अच्युतराव मात्र आत धावले आणि दोन्ही पेचकस हातात घेऊन बाहेर आले. चेहरा उतरला होता. "वंदना, समितीच्या गैरहजेरीत झालेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही. तू असं कर, परत आत जा. पट्टी लाव, कडी घाल, दार अडकवून घे. मग आम्ही—"

वंदनाने गाडीत बसून हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मनोहरसाहेबांचा ड्रायव्हर तोंडातल्या घासासकट पळाला आणि त्याने लांबलचक गाडी बाजूला घेतली.

कच्चं लायसन्स असल्यामुळे शेजारी पक्क्या लायसन्सवाला लागतोच, म्हणून अच्युतराव बसले. मांडीवर दोन पेचकस. वाटभर ते टोकं उन्हात धरून ओरखडे शोधत होते. वंदनाने चढ चढला, चौकात येणाऱ्या बसला वाट दिली, एका गाईला वळसा घातला. अच्युतरावांच्या तोंडून एकदाही "गिअर" निघालं नाही. तिने इतकी छान गाडी आधी कधी चालवली नव्हती, आणि ते बघायला शेजारी कुणी नव्हतं.

परीक्षेच्या मैदानावर रांग सरत आली होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी उशिराचं कारण विचारलं, आणि ते अच्युतरावांनी सांगितलं. सविस्तर. साहेब कर्तव्यदक्ष होते. त्यांनी वंदनाला आठाच्या आकड्यात गाडी फिरवायला लावली, मागे घ्यायला लावली, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मग खिडकीशी वाकले.

"मॅडम, एक बात पूछूँ? खुला कौनसे से?"

तोवर रांगेतले लोकही जमले होते. निम्मे म्हणत, सस्तेवाले से. निम्मे म्हणत, हो ही नहीं सकता. त्या गलक्यात वंदनाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

पुढे हे गावभर झालं. जितेंद्रांच्या युनिटमध्ये स्वस्त पेचकसाला हार घातला गेला. मनोहरसाहेबांनी आपल्या बंगल्यावर महागड्याचा विजय म्हणून चहा दिला. मराठी मंडळात हळदीकुंकवाला गेलं की बायका वंदनाला कोपऱ्यात ओढत, वाण हातात ठेवत आणि कुजबुजत, "आम्हाला तरी सांग गं." वंदना वाण घेई आणि हसे. अच्युतराव रोज नव्या पद्धतीने विचारत, कधी चहा करून देत, कधी बेसावध गाठून. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या बोलण्याकडे त्यांचं एवढं लक्ष तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला उत्तराची घाई नव्हती. दार सध्या बांधून ठेवतात. तागाच्या सुतळीने बांधावं की नायलॉनच्या दोरीने, याचे नमुने मागवले आहेत.

एका दुपारी मोठ्या तलावाच्या काठी पांढरी गाडी उभी होती. शकुताई पुढच्या सीटवर, मांडीवर शेंगदाण्यांचा पुडा, डोळे पाण्याकडे. तोंडाशी नेलेला दाणा तसाच हातात राहिला. मग म्हणाली, "केवढा आहे गं." मग आणखी थोड्या वेळाने, "वंदे, मला तर सांगशील? कोणता होता?"

वंदनाने इकडे तिकडे पाहिलं, काच वर केली आणि बहिणीच्या कानाशी वाकून सांगितलं. शकुताई इतकी हसली की पुडा सांडला.

काच बंद होती, बाहेर काही ऐकू आलं नाही. पक्कं लायसन्स मिळवलेली, गाडी शिकायला मैदानाशिवाय कुठे न गेलेली एक बाई बहिणीला उचलून, बसवून, भर शहरातून एकटीने तिथवर घेऊन आली होती. ते तुम्ही बघितलंत की नाही, कोण जाणे. तुम्ही केव्हाचे काचेला कान लावून उभे आहात.

सरका जरा. तिला गाडी मागे घ्यायचीय.