इब्रामचाचांची जीभ

१९ सप्टेंबर १९८४, बुधवार. काम : कालवांच्या रिकाम्या शिंपांना भोकं पाडून माळा ओवणे.

सकाळी साडेसातला मी ऑफिसच्या पडवीत हातोडी आणि खिळा घेऊन बसले होते. इब्रामचाचा होडी बांधून वर आले. हातात बाटली, बाटलीत खाडीचं पाणी. त्यांनी एक घोट तोंडात घेतला, डोळे मिटले, या गालातून त्या गालात फिरवला आणि कुंपणाशी जाऊन थुंकला.

"किती?" मी विचारलं.

"चव उतराया टाइम लागतो, बाई. धा वाजता सांगतो."

माझ्या नमुन्याच्या बाटलीत थोडं पाणी ओतून, आपली बाटली खिशात घालून ते घरी नाश्त्याला गेले.

हे दोन वर्षं रोज चालू होतं. दहाला चाचा परत यायचे, पडवीच्या खांबाला टेकायचे आणि निकाल द्यायचे. "आज पेज." म्हणजे पाणी जवळजवळ गोडं. "आज कुळथाचा पिठला." म्हणजे थोडं मीठ आलं. मे महिन्यात "आगळ" म्हणायचे. कोकमाचं ते खारट आगळ ज्यांनी नुसतं चाखलंय त्यांना अधिक सांगायला नको. आणि या सगळ्यांच्या मधे, पिठल्याच्या जरा वर, एक माप होतं : "लेलेबाईची आमटी."

लेलेबाई म्हणजे मी. एकदा चाचांनी डबा आणला नव्हता म्हणून मी त्यांना आमटी दिली. ती त्यांनी तिथे खाल्ली नाही, डब्यासकट घरी नेली. दुसऱ्या दिवसापासून माझी आमटी सरकारी कामात रुजू झाली. आमच्या ह्यांना हे कळल्यावर आठवडाभर त्यांनी जेवताना नेहमीसारखं मीठ मागून घेतलं नाही, नुसते हसत राहिले.

आमचं केंद्र म्हणजे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठचं कौलारू घर, एक होडी, एक साहेब, मी आणि चाचा. काम एकच, खाडीतली कालवं परत वाढवायची. पूर्वी इथल्या खडपांवर, म्हणजे खाडीतल्या खडकांवर, अनवाणी पाऊल ठेवायला जागा नसे, इतकी कालवं. गावच्या बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जाऊन घरापुरती, बाजारापुरती फोडून आणत, त्याने काही कमी झालं नाही. मग चुनाभट्टीचे ठेकेदार आले आणि पहारी घालून खडपं खरवडून नेली. जिवंत कालवं, मेलेल्या शिंपा, सगळं पोत्यांत, भाजून चुना करायला.

मी शाकाहारी. कालव मला फक्त मोजण्यापुरतं माहीत. पण त्याचं शास्त्र सोपं आहे. कालवाचं पिल्लू जन्मल्यावर थोडे दिवस पाण्यात तरंगतं, मग बसायला कठीण जागा शोधतं. त्याची आवडती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाची शिंप. एकदा बसलं की जन्मभर तिथून हलत नाही, अगदी कायम झालेल्या कारकुनासारखं. म्हणून आम्ही जुन्या शिंपांच्या माळा करून बांबूच्या मांडवावर पाण्यात सोडत होतो. पिल्लं धरली की त्या माळा उघड्या पडलेल्या खडपांवर नेऊन ठेवायच्या.

सगळी मेख वेळेत आहे. पावसाळा सरताना खाडी हळूहळू खारी होते आणि ठरावीक खारेपणाला पिल्लं बसतात. माळा लवकर सोडल्या तर त्यांच्यावर गाळ बसतो, आणि होड्यांच्या बुडाला चिकटतात ते पांढरे धारदार किडे सगळी जागा अडवतात. पिल्लं आली की त्यांना दारं बंद. पहिल्या वर्षी आमच्या साहेबांनी कॅलेंडर बघून माळा सोडल्या आणि नेमकं हेच झालं. साहेब कोल्हापूरकडचे. समुद्र म्हणजे रंकाळ्याचा थोरला भाऊ, अशी त्यांची समजूत होती. माणूस वाईट नव्हता.

"काय वो चाचा, तारीख तर बरोबर होती की!"

"तारीख तुमची बरोबर, साहेब. पन कालवाच्या घरात क्यालेंडर नाय."

तेव्हापासून चाचांची बाटली सुरू झाली.

चाचा बोटीवर इंजिनात पंचवीस वर्षं काढून आलेले. उंच, वाकलेले, कानात कायम अत्तराचा फाया. त्यांचं दुसरं वेड म्हणजे शिंपा. लग्न कुणाच्याही घरचं असो, जेवणं झाली की चाचा मागच्या दारी पोतं घेऊन हजर. स्टँडसमोरच्या खानावळीच्या मालकाशी त्यांनी भांडण काढलं होतं, कारण त्याने शिंपा उकिरड्यावर टाकल्या. "पोरांचा पालना फेकलास तू!" मालक घाबरला. त्याला वाटलं, खरंच कुणाचा तरी पाळणा गेला. स्वतः चाचा कालवाला तोंड लावत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्यांची रोज हजेरी घेतो त्यांना जेवनात कसा घेऊ?"

त्या खानावळीतला रस्सा हे माळा सोडण्याचं माप होतं. "खानावलीचा रस्सा" झाला की माळा पाण्यात.

आता माझी बाजू सांगते. पाण्यातलं मीठ मोजायला माझ्याकडे रसायन होतं, काचेच्या नळीतून थेंब थेंब टाकायचं. दोन वर्षं मी चाचांची जीभ आणि माझी नळी ताडून पाहिली. कागदावर लिटरमागे किती ग्रॅम मीठ याचा तक्ताच केला : पेज तीन, माझी आमटी आठ, रस्सा सोळा, आगळ तिसाच्या वर. कधी एकाचा फरक पडे, दोनाचा नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये रसायन संपलं, मुंबईला मागणी गेली, स्मरणपत्र गेलं आणि काहीच आलं नाही, तेव्हा मी चाचांना विचारून तक्त्यावरून आकडे लिहायला लागले. नमुन्याच्या बाटल्या तेवढ्या बूच लावून, तारीख घालून ठेवल्या. साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

या वर्षाला महत्त्व होतं. वरून पत्र आलं होतं की यंदा पिल्लं धरली नाहीत तर योजना बंद, आणि उरलेली खडपंसुद्धा चुन्यासाठी लिलावात. ते पत्र मी चाचांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं होतं.

तर बुधवारी दहा वाजता चाचा आले. खांबाला टेकले नाहीत. "रस्सा झाला," म्हणाले. "सोडा माला."

साहेबांनी लगेच तीन होड्या सांगितल्या. उद्या सकाळी आठला सगळ्या माळा पाण्यात. चाचा शिंपांच्या ढिगाशी बसले आणि भोकं पाडू लागले. तीन शिंपा त्यांच्या हातून फुटल्या. त्यांच्या हातून शिंप फुटलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

दुपारी एस.टी.ने मुंबईचं खोकं आलं. रसायन! मी सहज म्हणून सकाळच्या नमुन्याला लावलं. नऊ. पुन्हा केलं. नऊ. म्हणजे रस्सा सोडाच, माझ्या आमटीच्या जरा वर. मग मागच्या बाटल्या काढल्या. आठ दिवसांपूर्वीपर्यंत तक्ता चोख जुळत होता. त्यानंतर खाडी सात, आठ, नऊवर घुटमळत होती आणि माझ्या वहीतला आकडा जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढत गेला होता.

मला संताप आला. अर्धा चाचांचा, अर्धा माझा. पाच वाजता मी ऑफिसला कुलूप लावलं आणि त्यांच्या घराकडे निघाले. घर चढावर, कातळात खोदलेल्या साठ-सत्तर पायऱ्या वर. चढतानाच काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं.

अंगणात पोचले तर खिडकी उघडी. खाडीकडच्या त्या खिडकीला लागून खाट, खाटेवर खतिजाचाची पांघरूण घेऊन टेकलेल्या. चाचा चमचा धरून बसलेले. दुसऱ्या हातात सकाळचीच बाटली.

"पुन्यांदा बघ. नीट," चाचा म्हणत होते.

चाचींनी तोंड हलवलं, तस्तात थुंकल्या. "रस्साच. सकालीच बोलले ना? वर थोडा जादाच हाय."

"बरोबर," चाचा म्हणाले, आणि मान वर केली तर समोर मी.

ते बाहेर आले. फणसाखाली उभं राहून हळू आवाजात बोलू लागले.

"जीब तिची हाय, बाई. माजी डिझेल नि तंबाकूनी कवाच गेली. मला आगल नि चाय एकच."

"मग दोन वर्षं..."

"चालीस वर्सं ती ह्या खडपांवर वाकली. गुडगे गेले, पायऱ्या उतरवत नायत. म्हनून पानी वर आनतो. ती बोलते, मी येऊन सांगतो. हापिसात बायकोची जीब कोन लिवून घेनार?"

"आणि गेले आठ दिवस?"

"ताप आला. उतरला, पन त्या कडू गोल्यांनी तोंड बिगाडलान. चाय पन खारट लागते तिला." ते खाडीकडे बघत होते. "पानी अजून गढूल हाय. मला दिसतो. पन ती बोलली रस्सा, तर मी पेज कसा बोलू? मला वाटला, संध्याकालपातुर जीब येल ठिकानावर."

"चाचा, उद्या आठला माळा पाण्यात जातायत. मग पुढे काय होणार, ठाऊक आहे ना?"

"ठाव हाय."

"तरी?"

आतून हाक आली, "कोन आयला गो? ती अलनी आमटीवाली काय?"

मी आत गेले. जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं. खाटेच्या पायथ्याशी बसले आणि खरं ते सांगितलं. गोड बोलणं मला जमत नाही, आणि आजारी माणसाला खोटं सांगून बरं वाटतं यावर माझा विश्वास नाही.

"चाची, पाणी नऊ आहे, माझ्या आमटीच्या जरासंच वर. तुमची जीभ तापाने बिघडलीय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे. "तुला ठाव होता?"

चाचा अत्तराचा फाया काढून बोटांत चुरत होते.

"मेल्या, माज्या तोंडासाटी सगली खाडी बुडवत होतास?" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की खोकला आला. चाचांनी पाणी पुढे केलं. त्यांनी हात झटकला, मग घेतलं. पाणी पिऊन खिडकीकडे वळल्या. सुकती लागली होती, खालची खडपं उघडी पडत होती.

"बाय," त्या मला म्हणाल्या, "मंजे आता माजा काम संपला?"

"आजारी माणसाचं काम संपत नाही. रजा लागते," मी म्हटलं. "तोंडाला चव आली की कळवा. तोवर मी बघते."

चाचा मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. मी थांबले नाही. घरी स्वयंपाक पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ऑफिस उघडलं. तिन्ही होड्या परत पाठवल्या. वहीतल्या आठ दिवसांच्या आकड्यांवर लाल रेघ मारली, खरे आकडे लिहून खाली सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'रसायनाअभावी ऑगस्टपासून पाणी चाखून आकडे लिहिले. चाखणाऱ्या खतिजाबी गेले आठ दिवस आजारी.' साहेब आठला आले तेव्हा वही उघडीच त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ते वाचून होईपर्यंत समोर उभी राहिले.