बोलका डबा

किशनमामांच्या घरात पाऊल टाकलं की आधी दार बोलतं. "या, बसा. चपला भाईर काढा. च्या घेणार का?" आवाज मामांचाच, पण चौकटीवर ठोकलेल्या एका डबीतून येणारा. माणूस कोणता आणि जनावर कोणतं हे त्या दाराला कळत नाही. त्यामुळे आमच्या पिंगळी गावातली निम्मी कुत्री आणि आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या कोंबड्या यांना मामांच्या घरी चहाचं आमंत्रण असतं. पूर्वी त्यापाठोपाठ आतून गयामामी ओरडायच्या, "आता कुत्र्याला कपबशी द्या, पाटावर बसवा." गेल्या पावसाळ्यापासून दार तेवढं बोलतं.

हे माझे सख्खे मामा नव्हेत, साऱ्या गावाचे मामा. स्टेशनच्या रस्त्याला माझं औषधांचं दुकान आहे आणि त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड. मागच्या बाजूला त्यांचं घर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणं हा मामांचा धंदा, पण धंद्यात त्यांचा जीव कधीच रमला नाही. कुठल्या देशात कपड्याच्या घड्या घालणारं यंत्र निघालं, कुठं आंधळ्याला रस्ता सांगणारी काठी निघाली, हे मोबाइलवर बघायचं आणि सकाळी माझ्या दुकानात येऊन जाहीर करायचं, "बाळासाब, जगात निघालंय. मंग आपल्याकडं कामून निघू न्हये?" हे वाक्य कानावर पडलं की मी कपाळाला हात लावायचो. लवकरच गावात काहीतरी निघणार, हे ठरलेलं असायचं.

एका उन्हाळ्यात त्यांनी टोपीवर पंखा बसवला. तो उन्हावर चालायचा, म्हणजे सावलीत गेलं की बंद. वारा लागावा म्हणून मामा भर दुपारी उन्हात उभे राहायचे. मग दूध उतू जायला लागलं की फोन करणारं पातेलं निघालं. मामा चारठाण्याला कुणाची तरी मोटार जोडायला गेलेले, विहिरीवर चार माणसं जमलेली, तेवढ्यात फोन वाजला. मामांनी हातातलं काम टाकून घरी फोन लावला आणि ओरडले, "गया, दूध वर आलंय!" तिकडून मामी शांतपणे म्हणाल्या, "उतरवलंय मी. मला डोळे हायेत."

मामींची जीभ तशी धारदार होती. त्या दिवसभर बोलायच्या आणि त्यातलं बहुतेक सगळं मामांच्या यंत्रांविषयी असायचं. मामा मान खाली घालून तार गुंडाळत राहायचे. "लय बोलती. एवढं एक मशीन बंद करायचं बटन काई सापडंना," असं ते मला हळूच सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात मामींना लकवा झाला. परभणीच्या दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. समजत सगळं होतं, पण शब्द फुटत नव्हता. लेक पुण्याहून येऊन राहून गेली. पुढे वेणीफणीपासून भाकरीपर्यंत सगळं मामांवर आलं आणि ते त्यांनी निमूटपणे अंगावर घेतलं. शेडमध्ये मात्र ते नुसते बसून राहायचे. जगात काय निघालं, ते सांगायला माझ्याकडं येईनासे झाले.

एके दिवशी आले ते थेट माझ्या बायकोकडं. "शोभा, पोरी, तुझा आवाज पायजे."

वाचा गेलेल्या माणसांसाठी बोलणारी यंत्रं असतात, हे त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर त्यांनी घंटीची बटणं बसवली आणि प्रत्येकावर चित्र चिकटवलं. नळ, कप, गोळी, पंखा. बटण दाबलं की शोभाचा आवाज निघायचा, "किशनराव, पाणी द्या." "किशनराव, चहा द्या." आधी नाव कशाला, असं मी विचारलं. मामा म्हणाले, "मोबाइलमधल्या बाईला नावानं हाक मारल्याबगर ती वळून बगती का? हाकंत नाव पायजेच."

डबा मामींच्या डाव्या हाताशी ठेवला. मामींनी तो पाहिला, एकदा बटणही दाबलं. आवाज निघाला तसा त्यांनी हात मागं घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं. पुन्हा म्हणून डब्याला बोट लावलं नाही.

मामांनी सेल बदलले. बटणं कडक असतील म्हणून स्प्रिंगा बदलल्या. नळाचं चित्र काढून तांब्याचं लावलं. मामी तहानेनं ओठ चाटायच्या, पण बटण दाबायच्या नाहीत. शेवटी मामा माझ्या दुकानात येऊन बाकावर बसले.

"डब्यात काई बिघाड न्हाई, बाळासाब. तिलाच बोलायचं न्हाई माझ्याशी. जलमभर ती बोलली आन् मी मशिनीत डोकं घालून बसलो. आता मला आयकायचंय, तर तिनं तोंड फिरवलंय." मी उगाच गोळ्यांची खोकी हलवत राहिलो.

शोभा दुपारी मामींपाशी जाऊन बसली. त्यांना दाखवावं म्हणून तिनंच बटण दाबलं. "किशनराव, पाणी..." एवढं निघतंय तोच मामींनी डावा हात डब्यावर दाबून धरला आणि शोभाकडं असं पाहिलं, जणू भर चौकात त्यांच्या डोक्यावरचा पदर कुणी ओढला असावा.

शोभा तशीच उठून शेडमध्ये आली. मी मामांपाशीच होतो. "मामा, आहो, मामी तुमचं नाव कशी घेतील?"

मामा म्हणाले, "तिला कुठं घ्यायचंय? डबा घेतोय की."

"बटन कोण दाबतंय?"

संसारात मामींनी त्यांचं नाव घेतलं असेल ते लग्नाकार्यातल्या उखाण्यात. हे मामांच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहराच बदलला. एवढ्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हा.

"मंग तिच्यासारखंच भरू," ते म्हणाले आणि एकेक वाक्य सांगायला लागले. "म्हण, अवं, कवाधरनं बोलवायलेय, कान गेले का?"

शोभा लाजली. "मी तुमाला असं कसं म्हणू? तुमी वडीलधारे."

"तू कुठं म्हणायलीस? गया म्हणायलीय."

शोभानं डोळे मिटून सगळं म्हटलं. मामांनी त्यात यंत्रांवरचं मामींचं ठरलेलं 'जाळा ते खटारे' हेही घालायला लावलं.

संध्याकाळी डबा पुन्हा मामींच्या हाताशी ठेवून मामा शेडमध्ये येऊन बसले. मी तिथंच होतो. समोर एक मोटार उघडी पडलेली, पण मामा तिला हात लावत नव्हते. बराच वेळ गेला. मग घरातून आवाज आला, "अवं, कवाधरनं बोलवायलेय, कान गेले का?"

मामा जागचे हलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

"मामा, मामी बोलवायल्यात."

"आयकलंय," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "थांबा जरा. पैल्या हाकंला मी कवा गेलोय का? तिला दुसऱ्यांदा वरडायची सवय हाय."

आम्ही दोघं थांबलो. मला तेवढा वेळही जड गेला. आतून पुन्हा तेच शब्द आले, पहिल्याइतक्याच आवाजात.

"आलो, आलो गं," मामा वैतागल्यासारखे ओरडले आणि चपला न घालताच घराकडं पळाले.