हललं ते पुसलं

राजवीरने टेबल फॅनचं मुंडकं काढून ओट्यावर ठेवलं, तेव्हा स्वप्नाली चहा गाळत होती. गाळणी हातात तशीच राहिली.

"आवो, चालू फॅन हाय की तो!"

"होता," राजवीर म्हणाला. "आता स्टँड झाला."

फॅनचं बूड जड आणि मान हवी तशी वळणारी, त्यामुळे काम झकास झालं होतं. मानेवर त्याने स्वप्नालीच्या केसांचे दोन क्लचर रबराने आवळले आणि त्यांच्या जबड्यात मोबाईल अडकवला. राजवीर फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरीला असला, तरी त्याचा जीव असल्या उद्योगांत होता. लेन्सवर पाण्याचा थेंब ठेवून मुंगीच्या मिशा बघायच्या, फुकटातली सॉफ्टवेअरं उतरवून जुन्या फोटोंवरचे ओरखडे घालवायचे, आणि जमलं की लहान मुलासारखं हरखून जायचं. स्वप्नाली वैतागायची, पण मुंगीच्या मिशा बघायला पहिली तीच वाकायची.

तिच्या वडिलांचं मात्र तसं नव्हतं. हंबीरराव म्हणजे पेठेतल्या तालमीचे अध्यक्ष. माणसाची किंमत ते त्याच्या दंडावरून करत, आणि जावयाच्या दंडात त्यांना काही दिसलं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी चारचौघांत ओळख करून देताना ते "हे आमचं जावई" असं म्हणत नसत. "हे स्वप्नालीचं मालक, मोबाईलवर असत्यात," असं म्हणत. राजवीरला ते फार लागायचं. आज पहिल्यांदाच त्यांनी त्याला एक काम सांगितलं होतं, तेही स्वप्नालीने चार वेळा गळ घातल्यावर.

काम साधं होतं, विहिरीचा फोटो काढायचा. तालमीमागची जुनी विहीर पेठेतल्या लोकांनी श्रमदानाने मोकळी केली होती. आता पायऱ्यांवरून थोडा गाळ वर न्यायचा, एवढंच आज, रविवारी, उरलं होतं. सोमवारी संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते जलपूजन होतं, आणि सकाळीच चौकात मोठं डिजिटल लागायचं होतं. कोल्हापुरात फ्लेक्सला डिजिटलच म्हणतात आणि त्याच्यावाचून बारसंसुद्धा होत नाही.

"पावणं, विहीर दिसली पायजे बगा," हंबीररावांनी विहिरीवर बजावलं. "गेल्या टायमाला नुसती डोस्की आली. मधी एक माणूस नगो."

"मग थोडा वेळ सगळ्यांना बाजूला थांबवूया का, मामा?"

"काम थांबवायचं? फोटूसाठी?" हंबीररावांनी अशा नजरेने बघितलं की राजवीर दोन पावलं मागे सरकला.

पायऱ्यांवर तर मुंग्यांसारखी रीघ लागलेली. गाळाने भरलेल्या पाट्या वर जात होत्या, रिकाम्या खाली येत होत्या, स्वप्नालीही पदर खोचून मध्ये उभी होती. पण राजवीरकडे त्यावरचा उपाय होता. त्याने विहिरीजवळच्या पंपघराच्या छपरावर फॅनचं बूड ठेवलं आणि मोबाईलला दर अर्ध्या मिनिटाला आपोआप फोटो काढायला लावलं. सकाळभर तो निवांत राहिला. असे शेकडो फोटो एकावर एक ठेवले, की एक सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपका तपासतं. बहुतेक फोटोंत त्या जागी जे असेल ते ठेवतं आणि आलं-गेलं ते काढून टाकतं. माणसं हलणारी, विहीर जागची. मग राहणार कोण?

दुपारी जुना लॅपटॉप कण्हत कण्हत कामाला लागला. स्वप्नाली अंघोळ करून ओले केस पुसत मागे येऊन उभी राहिली. फोटो वाढत गेले तशी पडद्यावरची माणसं पातळ होऊ लागली. आधी चेहरे गेले, मग पाट्या, मग पायऱ्यांवर नुसतं धुकं उरलं. आणि बघता बघता तेही विरलं. काळ्या दगडाच्या पायऱ्या पार खालपर्यंत मोकळ्या झाल्या आणि हिरवं पाणी वर आकाशाकडे बघत राहिलं.

स्वप्नाली केस पुसायची थांबली आणि पडद्याजवळ वाकली.

"आवो," स्वप्नाली हळूच म्हणाली, "हितं एवढी माणसं हुती. म्या हुते. कुठं गेली?"

"हाईत की तिथंच," राजवीरचा आवाज उगीचच खाली आला होता. "फक्त दिसत न्हाईत."

आपण सकाळभर ज्या पायऱ्यांवर घाम गाळला त्यांवर आपला मागमूस नाही, हे बघून स्वप्नालीला भीतीही वाटली आणि नवऱ्याचा अभिमानही. "नाद खुळा!" ती म्हणाली. राजवीरला दोन वर्षांत मिळालेलं हे सर्वांत मोठं बक्षीस होतं.

त्या आनंदात फोटोच्या उजव्या कडेला, उंबराच्या गर्द सावलीत, काहीतरी काळपट होतं, ते त्याने पोतं समजून सोडून दिलं. तिकडे डिजिटलवाला आदर्श कामाचा चोख. फोटोत सावली दिसली की त्याला राहवत नसे. त्याने कोणी न सांगता सगळीकडे उजेड वाढवला, कोपऱ्यात गोलात नेहमीप्रमाणे हंबीररावांचा फेटेवाला चेहरा लावला आणि सोमवारी सकाळी डिजिटल चौकात चढवलं.

राजवीर पोचला तेव्हा चौक भरलेला होता. लोक माना वर करून गप्प उभे होते. त्याला वाटलं, फोटो बघून गार पडलेत. त्याने मान वर केली आणि तोही गार पडला.

विहीर देखणी आली होती. माणूस एकही नव्हतं. फक्त उंबराखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हंबीरराव होते. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, दोन्ही हात पोटावर. झोप इतकी गाढ की मिशीचा केस न् केस स्टुडिओत काढल्यासारखा स्पष्ट आला होता.

"आमी कुठं हाय?" बाळासोने पहिला आवाज चढवला. बाळासो तालमीचा सेक्रेटरी, रविवारी सर्वांत जास्त पाट्या त्याच्या डोक्यावरून गेल्या होत्या. "सकाळधरनं राबलो आनि आमचा केसबी न्हाय? आनि अध्यक्षांचं दोन-दोन फोटू?"

"पावणं, ह्यो काय परकार हाय?" चौघांनी राजवीरला घेरलं. "अध्यक्षांनी सांगिटलं व्हय, बाकीच्यांस्नी उडवा म्हणून?"

प्रकरण सासऱ्यांवर शेकतंय म्हटल्यावर राजवीर घाबरला. घाबरला की तो खरं बोलत असे, आणि यंत्राबद्दल असेल तर खुलासेवार.

"न्हाई, न्हाई! मामांनी काय सांगितलं न्हाई! सॉफ्टवेअरच तसं हाय. जे हललं ते पुसलं. जे सकाळभर एका जागी राहिलं, तेवढंच आलं."

चौकाला ते समजायला थोडा वेळ लागला. मग मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळा चौक हसायला लागला. बाळासो तर पोट धरून खाली बसला.

नेमक्या त्याच वेळी हंबीरराव आले, मागून आक्का. आक्का म्हणजे राजवीरच्या सासूबाई. आदल्या संध्याकाळी "पाट्या उचलून उचलून कंबार मोडली" म्हणून हंबीररावांनी त्यांच्याकडून पाठ चोळून घेतली होती. आक्कांनी डिजिटल वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाटीभर त्याल जिरवलं की वं म्या," त्या एवढंच म्हणाल्या आणि घरी वळल्या.

हंबीररावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी एक पाटी उचलली होती, अगदी पहिली, हे खोटं नव्हतं. पण एका पाटीची गोष्ट मोबाईलच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. ते रागावतील, ओरडतील, म्हणून राजवीर डोळे मिटून उभा राहिला. पण ते ओरडले नाहीत. "काडा ते," म्हणाले आणि तालमीत जाऊन बसले. पाहुण्यांना फोन करून त्यांनी जलपूजन आठ दिवस पुढे ढकललं. काम अजून बाकी आहे, म्हणाले.

त्या आठवड्यात पेठेत राजवीरचा असा काही दरारा झाला की विचारू नका. माणसाचं खरं-खोटं ओळखणारं यंत्र त्याच्याकडे आहे, अशी बोलवा पसरली. तीन बायकांनी त्याला रविवारी आपापल्या घरात ते लावायला बोलावलं, आणि त्यांच्या नवऱ्यांनी परस्पर नको म्हणून कळवलं. तो रस्त्याने जायला लागला की कट्ट्यावर बसलेली माणसं उगाच हात हलवायला लागत. हे फक्त ठिपक्यांचं गणित आहे, असं तो जीव तोडून सांगे. ऐकणारा हात जोडून "व्हय, व्हय" म्हणे, आणि पाय हलवत राही.

इकडे घरात मात्र राजवीरला घास गोड लागत नव्हता. "एकदाच काम सांगितलं त्यांनी," तो स्वप्नालीला म्हणाला, "आणि मी त्यांची अब्रू चौकात टांगली. आता ते मला जन्मात आपलं म्हणायचे न्हाईत."

स्वप्नालीने त्याच्या ताटात भात वाढला.

शनिवारी हंबीररावांचा फोन आला. "उद्या विहिरीच्या पायऱ्या आनि आवार साफ करायचं हाय. यायचं. आनि ते यंत्र आणायचं."

रविवारी जे झालं ते पेठेने आजवर बघितलं नव्हतं. हंबीरराव धोतर खोचून पहिल्या पाटीपासून भिडले. थांबायचं नाव नाही. घामाने बंडी अंगाला चिकटली, तरी गडी पायऱ्यांवरून वर-खाली. अध्यक्षच असे सुटल्यावर बाकीच्यांची काय टाप! आणि मोबाईल वरून बघतोय हे सगळ्यांना माहीत. कोणी टेकायला तयार नव्हतं. चहा आला तर लोक चालत चालत प्यायले. बाळासो तंबाखू मळतानासुद्धा गोल गोल फिरत होता. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकलं.

संध्याकाळी राजवीरने फोटो तयार केला आणि या वेळी विहिरीची जागा न् जागा तपासली. उंबराखाली खुर्ची होती, रिकामी. पायऱ्या मोकळ्या, काठ मोकळा, छपराच्या सावलीतही कोणी नव्हतं. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि फोटो आदर्शकडे धाडला.

सोमवारी जलपूजन झालं आणि विहिरीच्या काठावर पडदा ओढून डिजिटल उघडलं. गोलातला चेहरा नव्हता. शुभेच्छुकांची रांग नव्हती. अध्यक्षांनीच काढायला लावली होती. कोल्हापुरात एकही चेहरा नसलेलं डिजिटल! पाहुणे गोंधळून बघत राहिले. पण पेठेतली माणसं हळूहळू पुढे सरकली, देवळात सरकतात तशी.

"त्यो बग, तिसऱ्या पायरीवर," बाळासो दबक्या आवाजात बायकोला दाखवत होता, "तितं म्या न्हाय."

"आनि आमी दोघी काठावर न्हाय," दुसरं कोणीतरी म्हणालं.

"सगळ्या पायऱ्यांवर आबा न्हाईत," स्वप्नाली वडिलांकडे बघत म्हणाली.

हंबीरराव डिजिटलपुढे उभे होते. आयुष्यात त्यांनी स्वतःचे शेकडो फोटो चौकात टांगलेले बघितले होते, पण असं टक लावून एकाकडेही बघितलं नव्हतं. त्यांनी एक हात पुढे करून पायऱ्यांवरून फिरवला. आक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"आज रातीला त्याल कडवते," त्या म्हणाल्या. हंबीररावांनी मान खाली घातली, पण मिशीत हसू मावत नव्हतं.

मग त्यांनी माईक घेतला, राजवीरला वर बोलावलं आणि स्वतःच्या हाताने त्याला फेटा बांधायला घेतला. राजवीरला खाली बघावं की वर, कळेना. टाळ्या पडत होत्या. फेट्याचा शेवटचा वेढा देता देता हंबीररावांची नजर जावयाच्या खांद्यावरून डिजिटलच्या खालच्या कडेकडे गेली. वेढा अर्ध्यावर थांबला.

"हे पाय कुणाचं?" ते म्हणाले. माईक चालूच होता.

सगळ्यांनी बघितलं. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, पंपघराच्या छपरावरून दोन पाय पुढे आलेले होते. एकावर एक टाकलेले, निवांत. बुटांच्या लेससुद्धा मोजता याव्यात इतके स्पष्ट. बूट पोपटी रंगाचे होते.

सगळा जमाव आपापल्या पायांकडे बघायला लागला. राजवीरला बघायची गरज नव्हती. त्याने हळूच एक पाय दुसऱ्यामागे लपवला, पण मग दुसरा लपवायला जागा उरली नाही. स्वप्नालीने कपाळाला हात लावला.

"दिवाळसणाला म्याच घेतल्यात की ते बूट," हंबीरराव सावकाश म्हणाले. "म्हंजी सकाळभर..."

"मोबाईलवर लक्ष ठेवायला लागतं, मामा," राजवीर पुटपुटला.

हंबीररावांनी आधी डिजिटलकडे बघितलं, मग बुटांकडे, मग अर्ध्या फेट्यातल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. आणि त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि राजवीरच्या खांद्यावर असा हात टाकला की तो पडता पडता वाचला.

"पावणं," ते माईकवरून पाहुण्यांना म्हणाले, "वळख करून द्यायची राहिली. हे आमचं जावई. थेट आमच्यावर गेल्यात."

आणि त्यांनी उंबराखालची खुर्ची स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ओढली.