थांब्यावरची अकरा माणसं

सुदामभाऊजी भोरमधली घरं माणसांवरून ओळखत नसत, टीव्हीवरून ओळखत. एका मुख्याध्यापकांचं घर म्हणजे "ते व्हय, लाल रंग फुटणारं." डॉक्टरांचं घर म्हणजे "खालनं चित्र कापणारं." आमचं घर त्यांच्या हिशेबात सगळ्यांत वरचं होतं आणि त्यात आमच्या स्वभावाचा काहीही वाटा नव्हता. आमच्याकडे पाठीला कुबड असलेला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता, एवढंच.

"वहिनी, टीव्ही मोकळा हाय का?" जिन्यातूनच आवाज यायचा आणि पाठोपाठ काखेत पिवळा पडलेला डबा घेऊन भाऊजी.

हा डबा म्हणजे नव्वदीत घरोघरी आलेला व्हिडिओ गेम. कॅसेट खोचायची, फुंकर मारायची, टीव्हीला वायर जोडायची आणि खेळायचं; नव्या सपाट टीव्हीवर मात्र तो धड दिसत नसे. पोरं मोठी झाली तशी ही खेळणी माळ्यावर गेली. भाऊजींनी ती भोरभरच्या माळ्यांवरून गोळा केली. आमच्या खालच्या गाळ्यात भाड्याने त्यांचा टायपिंगचा क्लास होता, पुढे तो संगणकाचा झाला. विद्यार्थी गेले की तिथे बसून ते त्या जुन्या डब्यासाठी स्वतःचे नवे खेळ लिहीत. विकायला नव्हे. कुणी मागितले होते असंही नाही.

संगणकावर त्या डब्याची नक्कल चालवता येते आणि खेळ तिथेच बघता येतो. पण त्या नकलेवर भाऊजींचा काडीचा विश्वास नव्हता.

"कम्प्युटर तोंडदेखला हाय, वहिनी. आपल्याला बरं वाटंल तेच दावतो. ह्यो डबा तोंडावर बोलतो."

म्हणून खेळ चिपवर उतरवायचा, चिप कॅसेटीत बसवायची आणि बिघाड निघाला की ती चिप कित्येक दिवस उन्हात ठेवून कोरी करायची. ऊन आमच्या गच्चीवरचं. मी व्यवस्थेची बाई. उन्हाळ्यात गच्चीचा कुठला कोपरा कुरडयांचा आणि कुठला सांडग्यांचा, हे माझ्याकडे लिहून असतं. त्यात चिपांच्या ताटाला टाकीशेजारची जागा दिली. तरी सासूबाईंनी एकदा त्या वाळल्या म्हणून सांडग्यांच्या डब्यात भरल्याच.

त्या वर्षीचा खेळ एसटीचा होता. बस वेल्ह्याच्या वाटेवरच्या मार्गासनीवरून वर निघायची, प्रत्येक थांब्यावर बटण दाबून माणसं घ्यायची. शेवटचा थांबा भाऊजींच्या वाडीचा. ही वाडी गुंजवण्याच्या बाजूला होती. धरणाच्या पाण्यात ती गेली आणि जिथं जमीन मिळाली तिथं माणसं पांगली. आता ती वर्षातून एकदा, चैत्रात, देवीच्या जत्रेला जमत. तिथे टीव्ही लावून भाऊजींना हा खेळ दाखवायचा होता.

अडचण एकच. वाडीच्या थांब्यावर त्यांनी वाडीतलीच खरीखुरी अकरा माणसं उभी केली होती. संगणकावर अकरा दिसत, आमच्या टीव्हीवर आठ.

"डब्याला एका आडव्या वळीत आठच हलती चित्रं पेलत्यात," भाऊजी म्हणाले. "नववं आलं का गायब."

"मग तिघं कमी करा." माझ्याकडे अडचणीवर पहिला उपाय वजाबाकीचा असतो.

"कुणाला करू? आप्पा जत्रंत पयलं सोताला शोधणार. न्हाई घावला तर म्हणंल, धरणानं घालवलं ते घालवलं, आता सुदाम्यानं टीव्हीतनं बी घालवलं."

मग त्यांनी सगळ्यांना आळीपाळीने दाखवून बघितलं. माणसं लुकलुकायला लागली.

"भुतं वाटतायत हो," मी म्हटलं.

"निम्मी गेल्यालीच हायेत," भाऊजी म्हणाले, "पर तशी दावायची न्हाईत." आणि चिप गच्चीवर गेली.

जत्रा तोंडावर आली. एका दुपारी भाऊजी चहा समोर ठेवून त्या आठ माणसांकडे बघत बसले होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ती शिस्तीची ओळ बघून मला राहवेना.

"भाऊजी, वेल्ह्याच्या वाटेवर एसटीला रांगेत उभी राहिलेली माणसं तुम्ही कधी पाहिलीत?"

भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "आयला! रांग कुणी लावली व्हती हितं? आप्पा तर वढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आडवाच. पारूकाकू पाटी म्होरं घिऊन खाली बसायची. तान्या आंब्यावर, बस दिसली का उडी!" चहा तसाच टाकून ते खाली गेले.

ताटातली आधीच कोरी झालेली चिप भरून दोन दिवसांनी डबा घेऊन हजर. बटण नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिलं. "माझ्या हाताला चूक कुठं हाय ते म्हाईत हाय, त्यो तिकडं जातच न्हाई."

थांबा आला. कुणी कठड्यावर, कुणी खाली, कुणी झाडावर. एकही गायब नाही. मी बटण दाबलं. आप्पा उठला, पारूकाकूने पाटी उचलली, तान्याने उडी मारली. बस भरली आणि निघाली. आंब्याखाली हिरव्या लुगड्यातलं एक चित्र तसंच उभं राहिलं.

"एक बाई राहिली, भाऊजी. बिघाड आहे."

"न्हाई."

"अहो, मी बटण दाबलंय."

"ती चढत न्हाई. आई हाय माझी." भाऊजी वायर सरळ करत होते. "मी शिकायला पुण्याला निगालो का पोचवायला यायची. सोता कवा एसटीत बसलीच न्हाई. घरचं माणूस म्हणून शेवटाला घातली व्हती, तर डबा तिलाच गाळत व्हता."

बस पडद्याबाहेर गेली होती. चित्र पुढे सरकेना.

"आता काय दाबू?" मी विचारलं.

"काय दाबू नगा. ती घराकडं वळंस्तवर थांबायचं."

आम्ही थांबलो. तिला वळायला बराच वेळ लागला.