चावीकाकांचा परवाना

सव्वीस वर्षं लोकांना घरं दाखवल्यानंतर चावीकाकांना असं कळवण्यात आलं, की त्यांना घर दाखवता येतं याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. एक तारखेपासून परवान्याशिवाय कोणाला घर दाखवणं हा गुन्हा ठरणार होता. काकांना दुसरं काही येत नव्हतं. काकू म्हणाल्या, "घरी बसलात तर दिवसभर मलाच घर दाखवत फिराल. जा, काय तो परवाना घेऊन या."

अर्जात 'अनुभव' असा रकाना होता. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सव्वीस वर्षं.'

परवाना कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे सव्वीस वर्षं विनापरवाना काम केलंत?"

"तेव्हा परवाना नव्हताच हो, बाई."

"हा कबुलीजबाब झाला. खोडा."

काकांनी खोडून 'शून्य' लिहिलं. अर्ज परत आला. "शून्य चालत नाही. परवानाधारकाच्या हाताखाली पंधरा दिवस उमेदवारी करा."

जवळपास परवानाधारक एकच होता, काकांचा मेहुणा. त्याने जन्मात एकही घर विकलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. पंधरा दिवस काकांनी त्याला गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकवलं आणि त्याने काकांना प्रमाणपत्र दिलं, 'प्रगती बरी. शिकण्याची वृत्ती कमी.'

मग प्रात्यक्षिक. निरीक्षक गिऱ्हाईक झाले आणि कार्यालयाच्याच इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं रिकामं घर पाहायला निघाले. काकांची पद्धत अशी, की आधी घराची खोड सांगायची, मग खोली दाखवायची. सवयीने ते बोलून गेले, "ती खिडकी उघडू नका, हातात येते. पाणी वीसच मिनिटं. आणि वरचे गृहस्थ पहाटे खुर्च्या ओढतात."

"मी विचारलं होतं?"

"नाही. पण राहायला आल्यावर कळणारच की, साहेब."

"राहायला आल्यावर कळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. तो तुम्ही हिरावून घेताय." निरीक्षकांनी शेरा मारला, 'अर्जदाराने अनाहूत माहिती पुरवली. नापास. एक संधी शिल्लक.'

घरी काकूंनी तयारी करून घेतली.

"हे स्वयंपाकघर," काका म्हणाले. "इथला नळ..."

"गप्प!"

"हे स्वयंपाकघर. इथे... भरपूर उजेड आहे."

"शाब्बास. आता न चाचरता म्हणा."

आठवड्याने काका निरीक्षकांबरोबर पुन्हा त्याच रिकाम्या घरात, त्याच हातात येणाऱ्या खिडकीपाशी उभे राहिले. खिडकीला हात न लावता ते म्हणाले, "हवेशीर!" निरीक्षकांनी समाधानाने मान हलवली. 'अर्जदारात लक्षणीय सुधारणा.' धाडकन शिक्का बसला.

जिना उतरताना निरीक्षकांनी काकांना हलकेच बाजूला घेतलं. "खासगीत विचारतो, काका. मुलीसाठी घर बघतोय. खरं काय ते सांगणारा एखादा माणूस आहे का हो?"

"होता एक," काका म्हणाले. "गेल्या आठवड्यात तुम्ही नापास केलात."

ही हकीकत ज्याने ऐकली तो हळहळला. एक सरळ माणूस होता, त्यालाही बिघडवला, काय दिवस आलेत, असं लोक चौकाचौकात म्हणू लागले.

एक तारखेला सकाळी काकांनी दार उघडलं, तर बाहेर रांग. सगळे घर विकायला काढलेले. सव्वीस वर्षांत यांतल्या एकानेही काकांना आपलं घर विकायला दिलं नव्हतं. पहिल्याने आत डोकावून खात्री करून घेतली, "काका, आता तुम्ही काही बोलत नाही म्हणे?"

काकांनी भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवलं. रांग निर्धास्त झाली.

त्या रांगेत सातवे तुम्ही होता. येण्यापूर्वी भिंतीतल्या भेगेपुढे कपाट सरकवून आला होता.